लाडका संशयित

आमच्या सोसायटीत वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. जगातले बहुतेक बिघाड अर्थिंग नीट नसल्यामुळे होतात, असं त्यांचं आयुष्यभराच्या नोकरीतून पिकलेलं मत आहे. लिफ्ट अडकली, अर्थिंग. गीझरचं बटण उडालं, अर्थिंग. माझी जावा पार्किंगमध्ये किकवर किक खाऊनही गप्प बसली, की काका गॅलरीतूनच निकाल देतात, "अर्थिंग बघा हो आधी!" कोपऱ्यावरच्या गॅरेजातले मेस्त्री त्याच गाडीकडे लांबून बघतात आणि हात न लावता म्हणतात, "कचरा आलाय." म्हणजे कार्बोरेटरमध्ये. सकाळी दूध टाकणाऱ्या भाऊंचा राग पेट्रोलवर आहे. "साहेब, पेट्रोल प्यायच्या लायकीचं राहिलं नाही," असं ते गाडीच्या वतीनं बोलतात. आणि सुट्टीत राहायला आलेला माझा भाचा, जो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो गंभीरपणे म्हणतो, "मामा, सेन्सर गेला असेल."

गाडी 1960च्या दशकातली. तिच्यात सेन्सर म्हणावा असा एकच, चालवणाऱ्याचं बूड.

जुन्या गाडीचा बिघाड शोधायला निघालेला माणूस रिकाम्या हातानं कधीच निघत नाही. पाने-पकडी घरी विसरेल, पण एक संशयित तो बरोबर घेऊनच येतो. ज्याचा जन्म ज्या खात्यात गेला, त्या खात्यातला. मग गाडीची तपासणी सुरू होते ती त्या संशयिताला पकडून आणण्यासाठी. गाडी काय सांगते आहे, हे ऐकायला कुणाला सवड नसते. वास्तविक ही गाडी सांगायला इतकी उत्सुक असते की बास. नवी गाडी बिघडली की डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लावून मोकळी होते. पुढचं लॅपटॉपवाल्याला विचारा. जावा धूर काढते, फटाके फोडते, वास मारते, थरथरते, गरम होते, गळते. इतकी बोलकी गाडी आणि इतके न ऐकणारे लोक, असा हा संसार आहे.

तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. प्रागच्या फ्रांटिशेक यानेचेक यांनी 1929 साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले, तिथून जावाचा वंश सुरू होतो. आपल्याकडे इराणी कुटुंबानं म्हैसूरला आयडियल जावाचा कारखाना काढला आणि 1961पासून तिथं गाड्या बनू लागल्या. पुढं 1970च्या दशकात टाकीवरचं नाव येझदी झालं. 1996 साली कारखाना बंद पडला. गाड्या मात्र बंद पडल्या नाहीत. म्हणजे पडतात, पण तात्पुरत्या. 250 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, एकच सिलिंडर आणि त्याला दोन बाजूंना दोन सायलेन्सर. गियरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते. पहिल्यांदा बघणारा माणूस उजवीकडे वाकून किक शोधत राहतो. ती डावीकडे असते, आणि ती किक आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

तपासात पहिला जबाब घ्यायचा तो स्पार्क प्लगचा. तो आत राहून आलेला असतो. प्लग काढून त्याच्या टोकावरचं पांढरं चिनी मातीचं नाक बघायचं. बिस्किटाच्या रंगाचं असेल तर आत सगळं ठीक चाललं आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी. ओलं, तेलकट काळं असेल तर एक तर ऑइल जास्त पडतंय किंवा ठिणगीच पडत नाही. पांढरंफटक असेल तर मात्र सावध व्हावं. कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे, मिश्रण पातळ झालं आहे, आणि असंच चालवत राहिलात तर पिस्टन सिलिंडरला मिठी मारणार आहे. मग प्लग टोपीत घालून सिलिंडरच्या डोक्यावर टेकवायचा आणि किक मारून ठिणगी बघायची. निळी आणि चट् आवाज करणारी असेल तर उत्तम. पिवळसर, आळसावलेली असेल तर वीजखात्याकडे वळायचं. एवढं करायला पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडलेला असतो.

कार्बोरेटरवर एवढा राग का, याचा मी बराच विचार केला आहे. माझं मत असं की, तो हाताशी असतो, दोन-तीन स्क्रूंत उघडतो, आणि त्यात काही ना काही कचरा सापडतोच. पन्नास-साठ वर्षांच्या टाकीखाली राहणाऱ्याच्या पोटात थोडा गंज निघणार नाही तर काय केशर निघेल? सापडलेला कचरा गिऱ्हाइकाला दाखवता येतो. वीजखात्यातल्या कंडेन्सरमधून काहीच काढून दाखवता येत नाही.

खरी गंमत आहे ती पॉइंटमध्ये. इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं की डायनॅमोपाशी हे प्रकरण दिसतं. दोन छोटे धातूचे ठिपके, कॅम फिरला की एकमेकांपासून 0.4 मिलिमीटर दूर होतात आणि परत टेकतात. दूर होतात त्या क्षणी कॉइलमध्ये काही हजार व्होल्टचा झटका तयार होतो आणि प्लगला ठिणगी पडते. म्हणजे सगळी गाडी या 0.4 मिलिमीटरवर चालते. हलत्या पॉइंटला फायबरची एक टाच असते, ती कॅमवर घासत राहते. कॅमला तेलाचा हात लावणारा नमद्याचा एक चिमुकला तुकडा शेजारी बसवलेला असतो. तो कोरडा पडला की टाच झिजते, टाच झिजली की गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडते, ठिणगी उशिरा पडली की इंजिन तापतं आणि दिवे घाटात दम टाकतं. मग मागे बसलेले सद्गृहस्थ म्हणतात, "पिस्टन गेला वाटतं." सिलिंडर बोअर करून, नवा पिस्टन आणि रिंगा घालून, भरपूर पैसे मोजून झाल्यावर गाडी दिवे घाटात पुन्हा तिथंच दम टाकते. त्या नमद्याला हवे होते दोन थेंब ऑइल.

टायमिंग लावायची युक्तीही अशीच बिनखर्ची आहे. पॉइंटच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं आणि कागद हलका ओढत राहायचं. कागद सुटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली आहे, हे प्लगच्या भोकातून मोजायचं. मी सिगारेट ओढत नाही. पण माझ्या खिशात, टूलबॉक्समध्ये आणि एकदा तर देवघराशेजारच्या कपाटात सिगारेटचे कागद सापडले आहेत, आणि त्यांचा उपयोग आईला पटवून देणं हे टायमिंग लावण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आईचा लाडका संशयित मी आहे.

काकांच्या अर्थिंगला मी हसलो असं वाटायला नको. जावासारख्या 6 व्होल्टच्या गाडीत काका पुष्कळदा बरोबर ठरतात. हिशोब सरळ आहे. हेडलाइटचा 25 वॅटचा बल्ब 12 व्होल्टच्या गाडीत दोन अँपिअर ओढतो, 6 व्होल्टच्या गाडीत चारच्या वर. वाटेत एखाद्या जोडाला अर्ध्या ओहमचा गंज चढला असेल, तर 12 व्होल्टच्या गाडीत एक व्होल्टही वाया जात नाही. इकडं दीड व्होल्ट त्या गंजातच मुरतो आणि बल्बला साडेचार उरतात. तेवढ्यात तो दिवाळीतल्या पणतीइतका प्रामाणिक प्रयत्न करतो. त्यात हल्ली जुन्या गाड्या नव्या करण्याची लाट आली आहे. सांगाडा सोलून पावडर कोटिंग करतात, मडगार्डं चकचकीत होतात, फोटो झकास येतात, आणि हॉर्न वाजत नाही. कारण या गाडीत विजेची परतीची वाट सांगाड्यातूनच जाते, आणि रंगवाल्यानं ती सगळीकडून बंद केलेली असते. जिथं वायर बोल्टखाली बसते, तिथला रंग खरवडून लोखंड उघडं करावं लागतं. एवढ्या सुंदर रंगावर कानस चालवायला कुणाचा हात उठत नाही. काकांचा उठतो.

हॉर्नवरून आठवलं. मीटर जवळ नसेल तर बॅटरीची तब्येत हॉर्नच सांगतो. खणखणीत वाजला तर ठीक. सर्दी झाल्यासारखा वाजला तर ठिणगीचा पुढचा तपास करण्याआधी बॅटरी चार्जिंगला लावावी. चालू गाडीत हेडलाइटच्या डोक्यावरचा लाल दिवा विझला नाही तर डायनॅमो किंवा त्याला बॅटरीशी जोडणारा कटआउट काम करत नाही. ही गाडी बॅटरीवर चालते, आणि डायनॅमो बॅटरीला पोसतो. तो उपाशी ठेवू लागला की तासाभरात संध्याकाळ होते.

धुराचं आणि दमाचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी गाडी धूर सोडणारच. पण सायलेन्सरमधून ढग निघू लागले आणि गियरबॉक्समधलं ऑइल कुठंही न गळता कमी होऊ लागलं, तर क्रँकचा सील गेला आणि इंजिन गियरचं ऑइल पितंय. गाडीला जोरच नसेल तर कधी कधी इंजिन निर्दोष असतं आणि सायलेन्सरच्या आतली नळी कार्बननं चोंदलेली असते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलंही निघतं. तिला मी बेघर केलं, त्याचं वाईट वाटलं, पण दोन सायलेन्सर असताना तिनं बरोबर जास्त स्वच्छ असलेला निवडला होता.

आता मूळ गुन्ह्याकडे. गरम झाली की बंद पडते, चहा पिऊन आलं की चालू होते. जुनी दुचाकी बाळगणाऱ्या कुणालाही विचारा, हे लक्षण त्याला तोंडपाठ असतं. दहा-पंधरा किलोमीटर छान जायचं, मग एक-दोन गचके, मग शांतता. टपरीवर चहा घ्यायचा, येऊन किक मारायची, पहिल्या किकला चालू. चहाचा एवढा गुण कुठल्याच गाडीच्या पुस्तकात लिहिलेला नाही.

अडचण अशी की चहानं बरे होणारे आजार तीन आहेत. पहिला कॉइलचा. आतल्या बारीक तारेवरचं आवरण जुनं झालेलं असतं, तापलं की वीज आतल्या आतच आडवाटेनं निसटते, आणि थंड झालं की परत शहाणी होते. घरी आणून मीटर लावला तर कॉइल ठणठणीत, कारण घरी येईपर्यंत ती थंड झालेली असते. कंडेन्सरही याच जातीचा; तो गेला तर पॉइंटपाशी निळ्या ठिणग्यांची दिवाळी दिसते आणि पॉइंट जळून काळे पडतात. दुसरा आजार पिस्टनचा. जास्त तापून फुगला, सिलिंडरला धरला, थंड झाल्यावर सुटला. यात किक जड लागते, हा फरक. तिसरा आजार टाकीच्या झाकणाचा. झाकणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असतं. ते बुजलं की पेट्रोल जसं खाली उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते, आणि एका मर्यादेनंतर पेट्रोल उतरणंच बंद होतं. चहा होईपर्यंत कुठून तरी थोडी हवा आत झिरपते आणि गाडी चालू होते.

तिन्ही संशयितांकडे एकच पुरावा, चहाचा. त्यामुळे तपास चहाच्या आधीच करावा लागतो. गाडी थांबली त्याच मिनिटाला. दहा मिनिटांनी गुन्हेगार आपापल्या घरी झोपलेले सापडतात.

आमच्याकडे हेच प्रकरण पावसाळ्याआधी सुरू झालं. मेस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला. गाडी धावली आणि नंतर पुन्हा थांबली. काकांनी बॅटरीपासून इंजिनापर्यंत जाड अर्थिंगची वायर टाकून दिली. गाडी धावली, पुन्हा थांबली. दूधवाल्या भाऊंच्या सांगण्यावरून टाकी रिकामी करून दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल फुल भरलं. या वेळी ती आधीपेक्षा लवकर थांबली, आणि भाऊंना मोठाच आनंद झाला. भेसळीचं पेट्रोल जितकं जास्त, तितकी गाडी लवकर आजारी. सिद्धांत पक्का बसत होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा धरतं, जुन्या रबराच्या नळ्यांना सोसत नाही, हे सगळं खरंच आहे. भाऊ चुकीचं काही बोलत नव्हते. फक्त त्या दिवशीचा गुन्हा त्यांच्या माणसानं केलेला नव्हता. मी स्वतः कॉइलच्या पक्षात होतो, आणि नाना पेठेत स्पेअरवाल्यांकडे दर काढायलाही सुरुवात केली होती.

भाच्याला गाडीतलं काहीच माहीत नव्हतं. सेन्सर नाहीत हे कळल्यावर त्याच्याकडे संशय घ्यायला कुणीच उरलं नाही. म्हणून तो नुसता लिहून ठेवायला लागला. मोबाइलमध्ये: किती किलोमीटरवर थांबली, ऊन होतं की ढग, चढ होता की सपाटी, टाकीत पेट्रोल किती. एके संध्याकाळी म्हणाला, "मामा, एक गंमत आहे. टाकी भरलेली असली की लवकर बंद पडते. अर्धी असली की उशिरा. ऊन-बिन काही फरक नाही."

कॉइलला टाकीत पेट्रोल किती आहे याचं काहीएक सोयरसुतक नसतं. पण झाकण बंद असलेल्या टाकीला असतं. भरलेल्या टाकीत वर हवा थोडीच. दोन-चार कप पेट्रोल उतरलं की तेवढी हवा ताणली जाते आणि पोकळी लगेच होते. अर्ध्या टाकीत हवा भरपूर, म्हणून ती जास्त वेळ पुरते. पुढच्या वेळी गाडी थांबल्याबरोबर, बाकी कशालाही हात न लावता, झाकण उघडलं. फुस्स. थोडा दम धरला, किक मारली, निघालो.

झाकणाखालचा जुना वॉशर काही महिन्यांपूर्वीच बदलला होता, कारण तो पेट्रोल पाझरत होता. दुकानात मिळालेली नवी चकतीही जुन्यासारखीच अख्खी होती, मधोमध भोक नसलेली, आणि ती थेट छिद्रावर बसली होती. जुना वॉशर गळत होता म्हणून गाडी चालत होती! जुन्या यंत्रात हे फार असतं. दोन बिघाड एकमेकांना सांभाळून वर्षानुवर्षं नांदतात. आपण त्यातला एक दुरुस्त करतो आणि दुसरा उघड्यावर येतो.

त्याहून मजेशीर भाग पुढं आहे. जावाला पेट्रोलचा काटा नाही. त्यामुळे गाडी थांबली की प्रत्येक माणूस सगळ्यात आधी काय करतो? झाकण उघडून आत डोकावतो, गाडी हलवतो, खळखळ ऐकतो आणि म्हणतो, "पेट्रोल तर आहे." गाडी तिथंच बरी झालेली असायची. त्यानंतर मेस्त्री प्लग पुसायचे, काका वायर हलवायचे, मी कॉइलवर ओला रुमाल ठेवायचो, आणि गाडी चालू व्हायची. आम्ही सगळेच बरोबर ठरत होतो. प्रत्येकाकडे रोखीचा पुरावा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम आम्हाला पाठ होता. झाकण उघडणं ही गोष्ट बदलणं आहे, हे मात्र कुणाच्याच हिशोबात नव्हतं.

पिनएवढं भोक पाडून ती चकती परत बसवली. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे झाकणाचं अर्थिंगच की हवेचं." मेस्त्री म्हणाले, "भोकात कचरा आला असणार." चकतीत भोकच नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही, रोज त्यांच्याकडूनच हवा भरून घ्यावी लागते.

अशा जुन्या गाड्यांसाठी सरकारनं 2021 साली नियम केले. नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेलेली चालते. नियम करणाऱ्यांमध्ये कुणीतरी जावावाला असणार. आमच्या गाडीनं हा नियम कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळलेला आहे.

तुमच्या गावाकडच्या घरी, गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली वडिलांची किंवा आजोबांची अशी एखादी गाडी असेल, तर एक विनंती आहे. गेल्या गेल्या किक मारू नका. जुनं पेट्रोल काढून टाका. प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी गियर टाकून मागचं चाक हातानं फिरवून बघा. फिरलं, तर पॉइंटच्या मधून बारीक पॉलिशपेपर एकदा फिरवा. पडून राहिलेल्या गाड्यांचे पॉइंट गंजतातच, आणि पुष्कळदा तेवढाच बिघाड असतो. चार्ज केलेली बॅटरी जोडा, ऑइल मिसळलेलं ताजं पेट्रोल घाला. हे सगळं एकेक करून, वहीत लिहीत करा. भंगारवाल्याला फोन त्यानंतर. तो इंजिन बघत नाही, वजनानं घेतो.